पक्षी निरंक

पहिला दिवस सोडला तर सुलेखानं सहा वर्षांत गोडाऊनचं छत एकदाही पाहिलं नव्हतं. रोज सकाळी साडेआठला ती आत शिरायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरायची, पोत्यांच्या थप्प्या बघायची, फरशी बघायची, शटरखालच्या फटी बघायची आणि दाराशी परत येऊन वहीत सही करायची. नजर वर जायची ती समोर माणूस असला तरच, आणि तीही त्याच्या हनुवटीपाशी थांबायची. छत तीस फूट उंच आहे असं तिनं ऐकलं होतं.

यामागे कारण होतं, आणि ते तिला स्वतःला तरी पुरेसं वाटत होतं.

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतली ही कंपनी लहान बाळांच्या नाचणीसत्त्वाची पाकिटं भरायची. नाचणी, गहू आणि मुगाची पोती जिथं उतरतात तिथं पारवे येणारच, हे सांगायला काही इंजिनिअर लागत नाही. माल उतरवायला शटर वर गेलं की ते आत यायचे, आणि एकदा आत आल्यावर बाहेर जायची त्यांना काही घाई नसायची. पण कंपनीत प्रत्येक जिवाची वही होती. उंदरांची होती, माश्यांची होती, तशी एक ‘पक्षी निरीक्षण नोंदवही’ही होती. तिच्यात चार रकाने: तारीख, पक्षी दिसला का, दिसल्यास किती, सही. सहा वर्षांपूर्वी हाऊसकीपिंगची सुपरवायझर झाल्यावर ही वही सुलेखाकडे आली.

पहिल्याच दिवशी तिला वर दोन पारवे दिसले. ती वही घेऊन क्वालिटीच्या विश्वजित सरांकडे गेली. सर माणूस वाईट नव्हता. फक्त कोरा कागद त्याला बघवत नसे आणि खरा कागद पेलवत नसे.

“सर, दोन पारवे हायेत वर. दोन लिहू का?”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “ताई, दोन लिहिलं की मला कारण लिहावं लागेल. कारण लिहिलं की उपाय लिहावा लागेल. उपाय झाला की नाही ते बघायला मुंबईहून माणूस येईल. आणि त्याला दोन नाही, चार दिसतील.”

“मग काय लिहू?”

“दिसला तर आकडा लिहायचा, नाही दिसला तर निरंक. आणि ताई, तुमचं काम फरशीचं. छताकडे बघायचंच कशाला?”

सरांच्या दृष्टीनं विषय तिथं संपला. सुलेखाच्या दृष्टीनं तो तिथं सुरू झाला. ती मुकुंदवाडीची. दर रविवारी विहारात वंदनेला जायची आणि घरी रोज सकाळी पंचशील म्हणायची. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते म्हणून, डबा भरून, साडेसातची कंपनीची बस पकडायची आणि तासाभरात ‘निरंक’ लिहायचं, हे तिला जमेना. पहिले तीन दिवस तिनं वही कोरीच ठेवली. चौथ्या दिवशी बसमध्ये, चिकलठाण्याच्या आसपास, तिला तोडगा सुचला. वही विचारते, पक्षी दिसला का. बघितलंच नाही तर दिसणार कसा?

तोडगा सोपा होता आणि तिनं तो इमानदारीनं पाळला. इमानदारीनं हा शब्द इथं जरा अवघडून बसतो, पण तिच्याकडून तो खरा होता. ती वर बघायची नाही म्हणजे नाहीच. फरशीवर पांढरे-हिरवे ठिपके पडायचे, ते ती तोंडाला मास्क लावून, पाणी मारून, पत्र्याच्या पट्टीनं खरवडून काढायची. ठिपक्यांसाठी वहीत रकाना नव्हता. दिवसभर वरून घुटर्र घूं ऐकू यायचं. ऐकू आलं का, असंही वहीनं कधी विचारलं नाही.

हळूहळू सगळ्या गोडाऊनला तिच्या या व्रताची सवय झाली. ती आत आली की पोरी पारव्यांचा विषय बदलायच्या. कधी एखादा पारवा खाली उतरून सांडलेली नाचणी टिपत असला तर फोर्कलिफ्टवाला लांबूनच ओरडायचा, “ताई, जरा रुको, इधर नक्को देखो!” मग सुलेखा भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि तो हॉर्न वाजवून पारवा उडवायचा. एवढा मान कंपनीत मोठ्या साहेबालाही मिळत नसे.

पारव्यांवर उपाय झाले नाहीत असं नाही. विश्वजित सरांनी गुलमंडीतून एक प्लॅस्टिकचं घुबड आणून वर बसवलं. दुसऱ्या दिवशीपासून पारवे घुबडाच्या डोक्यावर बसू लागले, असं सुलेखाच्या कानावर आलं. मग दर अर्ध्या तासानं ससाण्यासारखं किंचाळणारं यंत्र आलं. पारव्यांवर त्याचा काही परिणाम झाला नाही, पण अकराची किंकाळी झाली की बायका चहाला उठायला लागल्या. जाळी बसवावी असा अर्ज दोनदा गेला. खरेदी विभागानं नोंदवही मागवली, चाळली आणि शेरा मारला: पक्षी नसल्याने जाळीची आवश्यकता दिसत नाही. पेस्ट कंट्रोलवाल्यानं विषाचे दाणे टाकू का म्हणून विचारलं, तेव्हा मात्र सुलेखा हनुवटीच्या वर बघून बोलली. “जीव मारायचा नाय. मी हाय तवर तरी नाय.” पहिलं शील जीव न घेण्याचं होतं, आणि त्यात तिला पळवाट शोधायची नव्हती.

सहा वर्षं खाली बघून तिची मान धरली. मुकुंदवाडीतल्या डॉक्टरनं विचारलं, मान खाली घालून करायचं काम आहे का? ती म्हणाली, व्हय. त्यानं पट्टा दिला. कंपनीच्या वर्धापनदिनाला एचआरनं तिला विनम्रतेसाठी प्रमाणपत्र दिलं. ते घ्यायला ती स्टेजवर गेली तेव्हाही तिनं वर पाहिलं नाही, त्यामुळे टाळ्या आणखी जोरात पडल्या.

अशात ऑडिट आलं. परदेशातली एक मोठी कंपनी सत्त्वाची पाकिटं घेणार होती, पण आधी तिचा माणूस येऊन कारखाना बघणार होता. एचआरनं हाऊसकीपिंगच्या सहाही बायकांना बोलावून सांगितलं, ऑडिट पास झालं की तुम्ही सहा जणी कायम.

कायम हा शब्द ऐकून त्यांच्यातली सत्यभामा मटकन खुर्चीवर बसली. सुलेखाही हलली. ठेकेदार दर अकरा महिन्यांनी बदलायचा, आणि बारा वर्षं त्याच फरशीवर राबणारी सुलेखा दर वेळी कागदावर नवी कोरी व्हायची. ओळखपत्रावर ठेकेदाराचं नवं नाव, नवी रुजू तारीख. बारा वर्षं कुठंच नव्हती. तिचे सासरे मोतीराम रेल्वेत गँगमन होते. त्यांची कायम झाल्याची ऑर्डर अजून पेटीत घडी घालून ठेवलेली होती आणि पाहुणे आले की ते ती काढून दाखवत. सुलेखाला तसा एक कागद हवा होता. इतकी साधी इच्छा तिनं आजवर कुणाला बोलून दाखवली नव्हती.

“ताई, तेवढी मान सांभाळा आता,” सत्यभामा बसमध्ये म्हणाली. तिच्यावर दोन पोरांचं शिक्षण होतं आणि नवरा घरी बसून होता. “चार दिस खाली बगा. मग काय जलमभर वर बगायचंच हाय.”

ऑडिटला त्या कंपनीतर्फे पुण्याहून चारुता मॅडम आल्या. चणीनं लहान, आवाज बारीक, हातात टॉर्च. त्यांनी मशिनं बघितली, प्रयोगशाळा बघितली, उंदरांची वही बघितली. मग पक्ष्यांची वही उघडली आणि पानं उलटत राहिल्या. निरंक, निरंक, निरंक. सहा वर्षं, एकच अक्षर, एकच सही.

“या बाईंना भेटायचंय,” त्या म्हणाल्या.

गोडाऊनच्या दाराशी सुलेखा उभी होती. बाकीच्या पाच जणी भिंतीला लागून, मॉपच्या दांड्या धरून. चारुता मॅडम आत आल्या, चार पावलं चालल्या, फरशीवरचा नुकताच पडलेला ओला ठिपका बघून थांबल्या. मग टॉर्च सुलेखाच्या हातात देत म्हणाल्या, “जरा वर बघून सांगता, किती आहेत?”

विश्वजित सर घाईघाईनं पुढे झाले. “मॅडम, ताईंना मानेचा त्रास आहे. डॉक्टरांनी पट्टा दिलाय.”

हे खरं होतं. अगदी शंभर टक्के खरं, कागदासकट. एवढं एक खरं ‘व्हय’ उच्चारलं असतं तर टॉर्च दुसऱ्या कुणाच्या हातात गेली असती. भिंतीपाशी सत्यभामा श्वास रोखून उभी होती. सुलेखानं तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं की हे वाक्य आपल्याला फार सहज सुचतंय. सहा वर्षं रोज सकाळी असंच काहीतरी सहज सुचत आलं होतं. तिला एकदम शरम वाटली. आणि शरमेच्या खाली, दडपून ठेवलेली, नुसती बघायची हौसही होती.

तिनं पट्टा सोडला आणि मान वर केली.

छत तिला वाटलं होतं त्याहून उंच होतं. मधल्या पारदर्शक पत्र्यातून ऊन येत होतं आणि लोखंडी पट्ट्यांवर पारवे ओळीनं, जोडीजोडीनं बसले होते. कुणी पिसं साफ करत होतं, कुणी डुलक्या घेत होतं. घुबडाच्या पाठीमागं एक घरटं होतं, तिच्याच बायकांच्या निळ्या टोप्यांचं आणि मॉपच्या दोऱ्यांचं, आणि त्यातून दोन पिवळट, अर्धवट पिसं फुटलेली पिल्लं चोच वासून बघत होती. दोन पारव्यांची ही एवढी वस्ती झाली होती. तिच्या डोक्यावर, तिच्या सहीखाली. बघता बघता तिचं तोंड उघडंच राहिलं. मग ती मोजायला लागली. टॉर्च एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेत तिनं दोनदा मोजलं, कारण फरशीही ती दोनदाच बघत असे.

“तेवीस,” ती म्हणाली. “आन् दोन पिल्लं.”

“मग वहीत निरंक कसं?”

“वर पाह्यलं नाय कधी.”

चारुता मॅडमनी ते लिहून घेतलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर विश्वजित सरांचा जीव भांड्यात पडला असता.

ऑडिट नापास झालं नाही, पास तर झालंच नाही. तीस दिवसांत पक्षी बाहेर, जाळी वर, आणि असं का घडलं याचं कारण लेखी. त्यात सुपरवायझर बाईंचं निवेदन त्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरात हवं, असं मॅडमनी मुद्दाम लिहिलं होतं. परतीच्या बसमध्ये सुलेखाशेजारी कुणी बसलं नाही. उतरताना सत्यभामा म्हणाली, “एक दिस मान दुखली आसती, तर काय बिघडलं आसतं वं?” सुलेखाला सत्यभामाचा राग आला नाही. आला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी विश्वजित सरांनी तिला टाइप केलेला कागद दिला. मजकूर तयार होता, ताईंनी फक्त उतरवून काढायचा: ‘निरीक्षण करताना मी वर पाहिले नाही. त्यामुळे पक्षी माझ्या नजरेस आले नाहीत. ही माझ्याकडून झालेली चूक आहे.’

“चूक कुणाच्याही हातून होते, ताई,” सर समजुतीनं म्हणाले. “चुकीला क्षमा असते. एचआरशी बोललोय मी. सहाही जणींचं होऊन जाईल.”

सुलेखानं तो कागद घरी नेला. संध्याकाळी भाकरी थापायच्या आधी तिनं तो तीनदा वाचला. त्यात एखादं खोटं सापडलं असतं तर काम सोपं होतं. सापडेना. शेवटी तिनं तो मोतीरामांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावून एकेक शब्दावर बोट ठेवत वाचला.

“यात खोटं काय हाय?”

“काईच नाय, मामा.”

“मग अडलं कुठं?”

“आर्धंच हाय.”

मोतीरामांनी कागद परत दिला. “मग आर्धं ऱ्हायलेलं लिही. जागा हाय की खाली.” आणि ते विहाराकडे निघून गेले. त्यांच्या लेखी हा प्रश्न एवढाच होता, आणि सुलेखाला त्यांचा थोडा हेवा वाटला.

सकाळी तिनं सरांच्या टेबलावर निवेदन ठेवलं. तीन ओळी जशाच्या तशा होत्या. खाली तिच्या गोल अक्षरात आणखी दोन: ‘वर पाहू नये असे मला विश्वजित सरांनी सुचवले होते. वर पक्षी आहेत हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते.’

सरांचा चेहरा उतरला. पण त्यांनी जे सांगितलं ते, त्यांच्या बाजूनं, तिच्या भल्याचंच होतं. “खालच्या दोनपैकी पहिली ओळ ठेवा हवी तर. मी बघतो माझं काय ते. पण दुसरी खोडा. न दिसणं ही चूक झाली, ताई. माहीत असून सही करणं म्हणजे... तुम्हाला कळतंय ना? माझं फार तर एक पत्र निघेल. तुमचं कायम होणं जाईल.”

सुलेखाला कळत होतं. बारा वर्षं तिच्या डोळ्यांपुढून गेली, दर अकरा महिन्यांनी थांबत, थांबत. “दुसरी काढली तर पह्यली खोटी ठरती, सर. तुम्ही सांगितलं म्हून मी आंधळी झाले, आसं दिसंल. मी आंधळी नव्हते.”

पाच वाजता निवेदन पाठवायचं होतं. सर पावणेपाचपर्यंत त्या कागदाकडे बघत बसले, आणि मग तो तसाच गेला. परदेशातल्या लोकांनी कारण लगेच मान्य केलं. इतकं विचित्र कारण कुणी बनवून सांगणार नाही, असं त्यांना वाटलं असावं.

वहीत तेवीस पक्षी नोंदल्याबरोबर खरेदी विभागानं दोन दिवसांत जाळी मंजूर केली. जाळीवाले आले तेव्हा सुलेखानं त्यांना शिडी लावू दिली नाही. पिल्लं उडेपर्यंत थांबा म्हणाली. तीस दिवसांची मुदत अजून हातात होती, म्हणून सरांनी ते चालवून घेतलं. रोज ती पिल्लांकडे बघायची आणि वहीत लिहायची: पंचवीस, पंचवीस, चोवीस. सहा वर्षं कधी न भरलेला तिसरा रकाना आता भरत होता. अठराव्या दिवशी दुसरं पिल्लू उडालं. मग दोन दिवस शटरं सताड उघडी ठेवून थाळ्या बडवल्या, आणि पारवे रस्त्यापलीकडच्या कंपनीच्या छतावर गेले. तिथली वही कोण लिहितं ते माहीत नाही.

महिनाअखेरीला ऑडिट पास झालं आणि कायम झाल्याची पत्रं आली. पाच. सत्यभामा तिचं पत्र घेऊन सुलेखाकडे आली आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. सुलेखानं ते पत्र उलगडून नीट वाचलं, शिक्का बघितला, आणि घडी मोडू नये म्हणून परत तशीच घालून दिली. घरी जाईपर्यंत तिनं डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही. विश्वजित सरांना लेखी समज मिळाली. सुलेखाला नव्या ठेकेदाराचं ओळखपत्र मिळालं. रुजू तारीख, गेला सोमवार.

जाळी लागल्यानंतरच्या पहिल्या सकाळी ती साडेआठला आत शिरली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टॉर्च मारत, मान मागं टाकून, दोनदा फिरली. पट्ट्या धुतलेल्या होत्या. घुबडही काढलं होतं. कुठं काही हललं नाही. इतकी शांतता तिला सहन होईना, पण होती ती होती. दाराशी येऊन तिनं तारीख टाकली आणि लिहिलं, निरंक. बघून लिहिलेलं, सहा वर्षांतलं हे पहिलं.

ऑडिटनंतर नवा नियम आला होता. सुपरवायझर बाईंच्या नोंदीवर आता नुसता विश्वास ठेवायचा नाही, क्वालिटीचा माणूस येऊन खातरजमा करणार आणि शेजारी दुसरी सही करणार. त्यासाठी अतुल नावाचा मुलगा नेमला होता, महिन्याभरापूर्वी लागलेला आणि लागतानाच कायम. तो मोबाइलवर बोलत बोलत आला, मोबाइल खांद्यानं कानाशी दाबला, खिशातून पेन काढलं आणि वहीवर वाकला.

सुलेखानं वही छातीशी धरली. “सर, आधी वर बगा.”

“तुम्ही बघितलंय ना, ताई?”

“बगितलंय. तुम्ही बगा.”

अतुलनं फोन बंद केला. बाईंना एवढं काय झालंय ते त्याला समजलं नाही, पण तिनं वही काही सोडली नाही. शेवटी त्यानं कंटाळून मान वर केली आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नजर फिरवली.

“काहीच नाहीये,” तो म्हणाला.

“मग करा सही,” सुलेखा म्हणाली, आणि तिनं वही त्याच्यापुढं उघडून धरली.